पट्टीच्या हिशेबाचा कोड ब्राउझर आणि सर्व्हर दोन्हीकडे एकच ठेवावा का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सांगली मार्केट यार्डातल्या हळदीच्या आडतीसाठी वेब ॲप आहे. सौदा झाला की दिवाणजी वजन-दर टाकतात आणि रक्कम स्क्रीनवर लगेच दिसते. सेव्ह केल्यावर सर्व्हर तोच हिशेब पुन्हा करून पट्टी (शेतकऱ्याला द्यायचं विक्रीचं बिल) छापतो. ब्राउझरला जावास्क्रिप्ट, सर्व्हरला पायथन. अधूनमधून एखाद्या पैशाचा फरक पडतो, म्हणून सर्व्हर नोडवर (सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणारी प्रणाली) न्यावा का?

नुसत्या त्या एका पैशासाठी नेऊ नका. फरक कुठून येतो ते आधी बघा. १८ क्विंटल ४२.५ किलो हळद, दर क्विंटलला १४,३२५ रुपये. रक्कम येते २,६३,९३८ रुपये साडेबारा पैसे. तो अर्धा पैसा जावास्क्रिप्टचं मॅथ डॉट राउंड वर ढकलतं, म्हणजे १३ पैसे. पायथनचं राउंड बरोबर अर्ध्यावर असेल तर जवळच्या सम आकड्याकडे जातं, म्हणजे १२. दोघंही आपापल्या नियमाने बरोबरच आहेत. तुमचा नियम कुठेच लिहिलेला नाही, ही खरी अडचण.

तो असा लिहा: वजन ग्रॅममध्ये, दर क्विंटलमागे पैशात, दोन्ही पूर्णांक. गुणाकारात ५०,००० मिळवा, १,००,००० ने भागा आणि खालचा पूर्णांक घ्या. जावास्क्रिप्टला मॅथ डॉट फ्लोअर, पायथनला दुहेरी तिरकी रेघ. जावास्क्रिप्टची सुरक्षित पूर्णांकाची मर्यादा ९००७१९९२५४७४०९९१ आहे. वरच्या उदाहरणातला गुणाकार तिच्या तीन हजाराव्या भागाइतकाही नाही. मात्र अपूर्णांक छाटायला उभी रेघ आणि शून्य ही युक्ती वापरू नका. ती आकडा ३२ बिटांत कोंबते, आणि पैशात मोजताना २ कोटी १४ लाख रुपयांच्या पुढे रक्कम भलतीच येते. पुढे बेदाणाही घेणार असाल तर तिथे दर किलोवर असतो, भाजक १,००० होतो आणि मिळवायचे ५००. एकक फंक्शनला वेगळं पाठवा, मालाच्या नावावरून ओळखू देऊ नका; चुकलं तर थेट शंभरपट चुकतं.

एवढं झाल्यावर हिशेब जेमतेम शंभर-दोनशे ओळींचा असेल, तर मी पायथन हलवणार नाही. वजन, दर, पोती आणि अपेक्षित रक्कम अशा नमुन्यांची एक जेसन (साध्या मजकुरात डेटा ठेवणारी) फाइल करा आणि दोन्ही भाषांच्या चाचण्या तीच फाइल वाचू द्या. अर्ध्या पैशावर पडणारे नमुने मुद्दाम घाला.

फॉर्मच्या तपासण्या खूप असतील तेव्हा मात्र एकाच भाषेचा खरा फायदा दिसतो. मराठी कीबोर्डवरून साध्या टेक्स्ट बॉक्समध्ये १२ टाइप झाले, तर जावास्क्रिप्टचं नंबर त्याला आकडाच मानत नाही. पायथनचं इंट मात्र बिनतक्रार बारा करून देतं. रेगेक्समधला (मजकूर जुळवून बघणाऱ्या साच्यातला) अंकांचा डीसुद्धा पायथनला देवनागरी अंक ओळखतो, जावास्क्रिप्टला नाही. असे फरक वाचून सापडत नाहीत.

नोडवर गेलातच, तर एनपीएमच्या (नोडची पॅकेजं सांभाळणारं साधन) वर्कस्पेसमध्ये तीन फोल्डर ठेवा: सामायिक, सर्व्हर, वेब. सामायिकमध्ये फक्त अशी फंक्शन्स, ज्यांना लागणारं सगळं बाहेरून हातात दिलं जातं. त्यांनी घड्याळ बघायचं नाही, डेटाबेस विचारायचा नाही, स्क्रीनला हात लावायचा नाही. टीम नियम पाळेल या भरवशावर राहू नका. टाइपस्क्रिप्टकडून (टाइप तपासणारं जावास्क्रिप्ट) पाळून घ्या. त्या फोल्डरच्या टीएसकॉन्फिग या सेटिंग फाइलमध्ये लिबला फक्त ईएस२०२२ (नुसती भाषा) ठेवा, डॉम (ब्राउझरच्या पानाच्या वस्तू) काढा, टाइप्सची यादी रिकामी ठेवा. मग कोणी विंडो किंवा प्रोसेस लिहिलं की कंपाइललाच अडतं. कन्सोलही अडतो, त्यावर कुरकुर होईल, होऊ द्या.

सगळ्यात घातक गोष्ट यातूनही निसटते: फाइलच्या वरच्या पातळीवरचं व्हेरिएबल. "चालू पेढी" असं एक लेट (बदलता येणारं व्हेरिएबल) वर ठेवलं, लॉगिनला भरलं आणि खाली हमालीचा दर काढताना वापरलं. ब्राउझरमध्ये प्रत्येक टॅबची प्रत वेगळी, त्यामुळे काहीच बिघडत नाही. सर्व्हरवर मात्र ते मॉड्यूल एकदाच लोड होतं आणि सगळ्यांच्या विनंत्या त्याच प्रतीवर चालतात. एका पेढीची विनंती डेटाबेसची वाट बघत अवेटवर थांबली, तेवढ्यात दुसरीची आली, की पहिलीची पट्टी दुसरीच्या दराने निघते. एकट्याने टेस्ट करताना हे कधीच दिसत नाही, सौद्याच्या गर्दीत दिसतं. सामायिकमध्ये वर फक्त कॉन्स्ट, तेही न बदलणारे आकडे. ॲरे किंवा मॅप नको.

तारीख हा दुसरा खड्डा. सर्व्हर बहुधा यूटीसी या जागतिक वेळेवर असतो, म्हणजे आपल्याकडे पहाटे साडेपाचपर्यंत त्याच्या लेखी कालचाच दिवस. १ एप्रिलला पहाटे केलेली नोंद मागच्या वर्षाच्या खात्यात जाते. पट्टीची तारीख वर्ष-महिना-दिवस अशी साधी स्ट्रिंग ठेवा आणि चाचण्या टीझेड (टाइमझोन) यूटीसी लावून एकदा, एशिया-कोलकाता लावून एकदा चालवा.

डेटाबेस पोस्टग्रेस असेल तर त्याचं नोडचं पीजी पॅकेज न्यूमेरिक कॉलम स्ट्रिंग म्हणून देतं. १२ मध्ये ५ मिळवले की १२५. रक्कम अचानक फुगली तर पहिल्यांदा इथे बघा. पैसे पूर्णांक कॉलममध्ये ठेवले की हा प्रश्न मिटतो, पण तोही ३२ बिटांचाच, २ कोटी १४ लाख रुपयांपर्यंतच; बिगइंट त्यापुढे जातो, पण तोही स्ट्रिंगच येतो, म्हणून वाचताना आकड्यात बदलून घ्या.

बिल्ड झाल्यावर वेबच्या डिस्ट फोल्डरमध्ये डेटाबेस पॅकेजचं नाव शोधून बघा. सापडलं तर कुठल्यातरी इंडेक्स फाइलने सर्व्हरचा कोड ब्राउझरपर्यंत ओढून आणलाय. वाइट (वेबचा बिल्ड करणारं साधन) फक्त ठरलेल्या उपसर्गाची एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्स बाहेर सोडतं, पण फाइलमध्ये हाताने लिहिलेला पासवर्ड ते अडवत नाही.

आणि कोड एक केला तरी सर्व्हरने हिशेब पुन्हा करायचाच. दिवाणजींनी सकाळी उघडलेला टॅब संध्याकाळपर्यंत जुनाच कोड चालवतो. हमाली-तोलाईचे दर कोडमध्ये न ठेवता डेटाबेसमधून द्या. सेव्ह करताना कोडची आवृत्ती आणि स्क्रीनवर दिसलेली रक्कम दोन्ही पाठवा. सर्व्हरची रक्कम वेगळी आली तर गुपचूप स्वतःची सेव्ह करू नका. ४०९ (विसंगती सांगणारा एचटीटीपी कोड) परत करा, दोन्ही रकमा दाखवा, पान रिफ्रेश करायला सांगा आणि तोवर पट्टी छापू नका.