पुण्याजवळ फॅमिलीसोबत कॅम्पिंग किंवा ग्लॅम्पिंग (एसी-पलंगासारख्या सोयींचं कॅम्पिंग) करायचंय, पवना की भंडारदरा? जागा कशी निवडावी?

तुम्ही लिहिलंय की सोबत सहा वर्षांची मुलगी आणि आई असणार, मे महिन्यातला शनिवार-रविवार आहे, आणि बजेटचा प्रश्न नाही. हे शेवटचं वाक्य आमच्या साडूंचंही असतं, त्यामुळे उत्तर जरा लांबेल, आधीच सांगतो.

मे महिन्यात पवनेला 'लेक टच' बघून पैसे भरू नका. ते तळं नाही, धरण आहे. ऑगस्ट-सप्टेंबरात भरतं आणि मग पुढचा पाऊस येईपर्यंत पिंपरी-चिंचवडची तहान भागवतं, वर शेती वेगळी. मे उजाडेपर्यंत पाणी इतकं मागे सरकलेलं असतं की टेंटपासून काठापर्यंत भेगाळलेल्या गाळातून चालत जायचं. जाहिरातीतले फोटो मात्र पावसाळ्यानंतरचे, मागे हिरवागार तुंग किल्ला आणि पुढे निळं पाणी. उन्हाळ्यात तुंग कसा दिसतो ते एकदा जाऊन बघा.

आमच्याकडे सासूबाईंची साठीची शांत झाली आणि साडूंनी जाहीर केलं की सगळ्यांनी ग्लॅम्पिंगला जायचं, मी बुक करतो, कुणी बोलायचं नाही. मी बोललो. म्हणलं आईंचे गुडघे दुखतात, वेल्ह्याकडे तोरण्याच्या पायथ्याला माझ्या ओळखीच्या एकांचं शेतघर आहे, पक्क्या खोल्या, मोठी पडवी, अंगणात हवं तर मुलांसाठी तंबू ठोकू, चुलीवरची भाकरी मिळेल. तर म्हणे, तुम्ही नेहमी स्वस्तातलंच बघता. सगळ्यांसमोर. मेहुणी हसली, बायको गप्प. ठीक आहे, गेलो.

कामशेतवरून आत वळल्यापासून गाड्यांची रांग. पोचलो तर डोम, म्हणजे घुमटाच्या आकाराचा मोठा तंबू, खाली काठाकडे आणि संडास वर रस्त्याच्या बाजूला, मधे मुरुमाचा उतार आणि रेलिंग नाही. दिवसा ठीक, रात्री साठीच्या बाईने मोबाईलच्या टॉर्चवर तिथे जायचं? डोमची समोरची बाजू पारदर्शक आणि तोंड पश्चिमेला, म्हणजे सनसेट व्ह्यू. चार वाजता आत शिरलो तर कुकर. एसी होता पण लाईट गेली की जनरेटरवर फक्त पंखा चालतो, हे बुकिंग करताना कुणी सांगत नाही आणि कुणी विचारतही नाही. साडू बाहेर उभे राहून रील काढत होते.

अनलिमिटेड बार्बेक्यू म्हणजे प्रत्येकी चार तुकडे आणि मग 'चिकन संपलं सर'. शेजारच्या कॅम्पचा डीजे आमच्या टेबलापर्यंत. स्पीकर दहाला बंद करायचा नियम सगळ्यांना पाठ असतो, पण काठाने एकाला एक लागून इतके कॅम्प आहेत की प्रत्येकजण शेजाऱ्याकडे बोट दाखवतो. आणि नवाच्या सुमारास वळीव आला. मे महिन्यात दुपारनंतर वळीव येणार हे मावळातलं शेंबडं पोरही सांगेल. आधी नुसता वारा, शेजारचे टेंट खुंट्यांसकट उपटले गेले, मग विजा. आमचा डोम टिकला, खोटं कशाला बोलू, पण सासूबाई घाबरून थरथरत होत्या, त्यांना मी आणि बायकोने धरून वर नेलं आणि गाडीत बसवलं, मुलं कॅम्पच्या किचनच्या शेडमध्ये, तिथे आधीच परकी माणसं दाटीवाटीने उभी. लाईट गेली म्हणून पंप बंद, पंप बंद म्हणून संडासात पाणी नाही. डीजेही बंद पडला, रात्रीतली तेवढीच चांगली गोष्ट. सकाळी पोहे खाताना साडू म्हणतात काय, 'एक्स्पीरियन्स तर मिळाला ना!' तेव्हापासून प्रत्येक बारशाला, लग्नाला हा विषय निघतो आणि प्रत्येक वेळी ते म्हणतात की निसर्गापुढे कोण काय करणार. अहो, निसर्ग नव्हे, जागा निवडणं म्हणतात त्याला!

तर तुमचं उत्तर. व्ह्यू सगळ्यात शेवटी बघा. आधी फोन करून आजचा व्हिडिओ मागवा, आजचाच, गाडी लावायच्या जागेपासून टेंटपर्यंत आणि तिथून संडासापर्यंत चालत काढलेला. नाही पाठवला तर विषय संपला. पक्कं छत आहे का विचारा, जिथे वादळात सगळी माणसं एकदम मावतील. वीज कडाडत असताना टेंटचा काही उपयोग नसतो, पक्कं घर नाहीतर बंद काचांची गाडी. शेजारचा कॅम्प किती लांब आहे ते मॅपवर सॅटेलाईट व्ह्यूमध्ये बघा, मालकाला विचारू नका, तो 'प्रायव्हेट आहे सर' असंच म्हणणार. डोमचं तोंड पूर्वेला असेल तर संध्याकाळ तरी बरी जाते. आईंसाठी कमोड आणि तोही खोलीला लागून, यावर तडजोड नको. आणि माझं ऐकाल तर एक पक्की खोली आणि बाहेर अंगणात एक टेंट असं मिळतंय का बघा, कृषी पर्यटनवाले बरेचजण देतात, मुलीला टेंट मिळाला की ती खूश, तुमच्या आई पंख्याखाली, आणि पैसेही डोमपेक्षा कमी. कमी पैसे म्हणजे कंजूषपणा नव्हे, हे कुणीतरी लेखी दिलं पाहिजे.

आता पवना वाईटच आहे असंही नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी, मधल्या वारी गेलात तर पाणी काठाशी असतं, गर्दी नसते, सकाळी तिकोना किल्ला चढून जेवायला खाली येता येतं. फक्त साधा टेंट घेणार असाल तर दुहेरी कापडाचा आहे का विचारा, नाहीतर थंडीत आपल्याच श्वासाची वाफ आतून जमते आणि पहाटे तोंडावर थेंब पडतात. चार मित्र असाल तर माझं वरचं सगळं विसरा, माणशी हजार-पंधराशेत कुठेही पडा. आणि तिथल्या पोरांना दोष देत नाही, बहुतेक आसपासच्या गावांतलीच आहेत, भर पावसात आम्हाला चहा त्यांनीच दिला.

पाण्यात मात्र मुलीला उतरवू नका, गुडघ्याएवढ्या पाण्यातही. तळाला गाळ असतो आणि खोली एकदम बदलते, तिथे बुडून माणसं गेल्याच्या बातम्या दर उन्हाळ्यात असतात. बोटवाल्याकडे लहान मापाचं लाईफ जॅकेट नसेल तर बोट नको, मोठ्यांचं जॅकेट लहान मुलाच्या डोक्यावरून निघून जातं.

भंडारदरा एका रात्रीसाठी नकोच. पुण्याहून पाच तास धरा, संगमनेर-अकोले करत, आईंना ते झेपणार नाही आणि दुसऱ्या दिवशी परत तेवढंच. दोन रात्री असतील आणि तारीख मेच्या अखेरीस ढकलता येत असेल तर जरूर जा, तेव्हा काजवे सुरू होतात आणि पावसाचा जोर वाढेपर्यंत दिसतात, अमावास्येच्या आसपास सगळ्यात छान. पण अभयारण्याचा भाग आहे, गाडीचे हेडलाईट आणि मोबाईलचे फ्लॅश मारत फिरू नका. राहायला धरणाजवळच्या शेंडी गावात पक्की खोली घ्या, काजवे बघायला टेंटमध्ये झोपावं लागत नाही, साडू काहीही म्हणोत.