सहा महिने झाले, आता तिला निवड चाचणीला उतरवू का?

(पत्र संक्षिप्त) आम्ही सोलापूरच्या ‘जुळे सोलापूर’ भागात राहतो. मुलगी बारावी सायन्सला, खो-खोत जिल्हा संघात होती. सहा महिन्यांपूर्वी डाव्या गुडघ्याचं एसीएलचं (गुडघा स्थिर ठेवणाऱ्या आतल्या लिगामेंटचं) ऑपरेशन झालं. आता नीट चालते, स्कूटी चालवते. पुढच्या महिन्यात निवड चाचणी आहे. राज्य पातळीचं सर्टिफिकेट मिळालं तर खेळाडूंच्या ५ टक्के आरक्षणातून सरकारी नोकरीचं बघता येईल. पण ती मैदानावर यायला टाळते. जिना उतरताना कठडा धरते, मला ते नाटक वाटतं. तिला समजवा. – एक पालक

तिला नाही, आधी तुम्हालाच समजवावं लागेल. मूळ पत्रात गुडघ्यावर दोन ओळी आहेत आणि सर्टिफिकेटवर अख्खं पान. आणि त्या दोन ओळींत ‘नाटक’ हा शब्द.

जिना उतरताना वरच्या पायरीवरचा पाय वाकत वाकत सगळं वजन झेलतो. हे काम मांडीच्या पुढच्या स्नायूचं. एसीएलच्या ऑपरेशननंतर सगळ्यात चिवटपणे अशक्त राहतो तो हाच. पोरगी कठडा धरते, कारण तिला ते कळतंय. घरात फक्त तिलाच कळतंय.

‘ऑपरेशन झालं, चालायला लागली, म्हणजे गुडघा बरा’ हा समज बहुतेक घरांत असतो. फाटलेल्या लिगामेंटच्या जागी बसवलेला तुकडा बहुधा तिच्याच शरीरातला, मांडीच्या मागचा किंवा वाटीखालचा. त्याचं लिगामेंट व्हायला कित्येक महिने जातात. तोवर शरीर लबाडी शिकतं: उडीनंतर दोन्ही पाय टेकतात, पण भार उजव्यावर जातो. चालण्यात हा फरक दिसतही नाही. एका पायावरच्या उडीची चाचणी घेतात, त्यात ऑपरेशनच्या पायाचं अंतर दुसऱ्याच्या निदान ९० टक्के भरावं लागतं. तिथेही गंमत आहे. गुडघ्याची उणीव कंबर आणि घोटा भरून काढतात, अंतर बरोबर येतं. शिवाय उजवा पायही सहा महिने बसूनच होता, मग त्याच्याशी बरोबरी झाली तरी ती कसली? म्हणून अंतराबरोबर मांडीची ताकद आणि उडीनंतर पाय टेकण्याची पद्धतही तपासतात. खो-खोत तर चौकातून ताडकन उठायचं, पोलला झपकन वळायचं, सूर मारायचा. नऊ महिन्यांआधी याला कोणी जाणता फिजिओ हो म्हणणार नाही, आणि त्यानंतरही चाचण्या पास झाल्या तरच. पंचविशीच्या आत असे खेळ पुन्हा सुरू करणाऱ्यांत जवळपास चारांतल्या एकाला पुन्हा एसीएलची दुखापत होते, कधी त्याच गुडघ्याला, कधी चांगल्या.

आता सर्टिफिकेट. राज्य स्पर्धेतल्या नुसत्या सहभागाच्या कागदावर क्रीडा आरक्षण मिळत नाही. पदक लागतं, वर प्रमाणपत्राची पडताळणी होते. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत आपल्या मुलींनी पहिला खो-खो विश्वचषक जिंकला, तेव्हापासून माझ्याकडे अशी पत्रं वाढली आहेत. आनंद आहे. पण अर्ध्या ताकदीच्या पायावर चाचणीला उतरवून कोणतं पदक येणार आहे?

बारावी सायन्स आहे, ‘नीट’ परीक्षा द्यायचीच असेल तर फिजिओथेरपीही त्यातूनच आहे. पण हे आज ठरवू नका, आणि ‘गुडघा गेला म्हणून फिजिओ हो’ असं तर मुळीच सुचवू नका. तिचं खेळणं संपलेलं नाही. या वर्षीची चाचणी मात्र सोडा, आणि तसं प्रशिक्षकांना तुम्हीच फोन करून सांगा. तिला सांगायला लावू नका.

तुमच्या पत्राच्या मागच्या बाजूला पेन्सिलीने एक ओळ आहे, तुम्ही बहुधा पाहिली नाही: ‘सर, खेळायचंय, पण उडी मारली की डावा पाय माझा वाटत नाही.’

बाळा, हे वाक्य जसंच्या तसं फिजिओला सांग. आरशासमोर उठाबशी काढताना कंबर उजवीकडे सरकते का ते बघ, कोणाला तरी मोबाइलवर समोरून शूट करायला सांग आणि तो व्हिडिओ घेऊन जा. एका पायावरच्या उड्या घरी करून बघू नकोस. आणि पोलला वळताना कुठल्या बाजूची भीती वाटते, तेही आठवून सांग. व्यायाम ठरवताना त्यांना ते लागेल.