मुंबईत गट न्यायचा आहे? जेवण, करमणूक आणि वेळेचा हिशेब

दिवाळीनंतर आणि मार्चअखेरचे हिशेब आटोपल्यावर आपल्या विदर्भातील पतसंस्था, गिरण्या व उत्पादक कंपन्या अभ्यासदौऱ्याला निघतात. त्यासंबंधी आलेल्या प्रश्नांपैकी पाच येथे घेतले आहेत.

प्रश्न : आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीचे ३४ संचालक व कर्मचारी बडनेऱ्याहून रात्रीच्या गाडीने मुंबईला जाणार आहेत. दुसऱ्या दिवशी वाशीच्या बाजार समितीत बैठक आहे; पहिला दिवस मोकळा आहे. गेटवे, घारापुरी, राणीची बाग, सिद्धिविनायक, जुहू अशी यादी सदस्यांनी दिली आहे. हे सर्व बसेल काय? (व्यवस्थापक, कारंजा लाड)

बसणार नाही, आणि बसवण्याचा प्रयत्नही करू नये. चारजण टॅक्सीने जेवढे पाहतात त्याच्या निम्मेही ३४ जणांना पाहून होत नाही, कारण प्रत्येक ठिकाणी मोजणी, स्वच्छतागृह आणि मागे राहिलेल्यांची वाट पाहणे यात वेळ जातो. माझा नियम साधा आहे: एका दिवशी शहराचा एकच भाग, त्यात बसून घेतलेले एक ठरवून ठेवलेले जेवण आणि नीट पाहिलेल्या दोन गोष्टी.

आपली गाडी ज्या स्थानकात थांबते तेथूनच सुरुवात करावी. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसची इमारत १८८८ मध्ये पूर्ण झाली आणि २००४ पासून ती जागतिक वारसा यादीत आहे. बहुतेक प्रवासी बॅगा सांभाळत तिच्याकडे न पाहताच बाहेर पडतात. आंघोळीची सोय जवळच्याच लॉजमध्ये आधी करून ठेवावी, कारण रात्रभराच्या प्रवासानंतर त्याशिवाय माणसे खुलत नाहीत. नाश्त्याला स्थानकासमोरच्या गल्लीत पुरी-भाजी मिळते, किंवा धोबी तलावाजवळच्या १९०४ सालच्या कयानी या इराणी हॉटेलात बन-मस्का आणि चहा घेता येतो. मात्र अशा हॉटेलात ३४ जणांनी एकदम शिरू नये. आठ-आठ जणांचे गट पाडून थोड्या अंतराने पाठवावे.

त्यानंतर घारापुरी की वस्तुसंग्रहालय, हे वयोमान पाहून ठरवावे. घारापुरीला गेटवेहून बोटीने साधारण तासभर लागतो आणि वर बऱ्याच पायऱ्या चढाव्या लागतात. सोमवारी लेणी बंद असतात आणि पावसाळ्यात समुद्र खवळला की बोटी थांबतात. गुडघे दुखणारी मंडळी अधिक असतील तर गेटवेजवळचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय बरे. गेटवे आणि हे संग्रहालय या दोन्हींचा वास्तुकार जॉर्ज विटेट हा एकच होता, हे दाखवून दिले की माणसे इमारतींकडे पाहू लागतात. तेथून जहांगीर कलादालन, विद्यापीठाचा राजाबाई टॉवर आणि ओव्हल मैदान चालत गाठता येतात आणि संध्याकाळी मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर बसता येते. सिद्धिविनायकाला जायचेच असेल तर आरे ते कफ परेड ही भुयारी मेट्रो ऑक्टोबर २०२५ पासून पूर्ण सुरू झाली आहे आणि तिच्यावर त्याच नावाचे स्थानक आहे. जुहू मात्र यादीतून काढावे.

दुसऱ्या दिवशी वाशीला हार्बर मार्गाच्या पनवेल लोकलने जावे. सकाळची गर्दी मुंबईकडे येत असते, आपण उलट दिशेने जात असतो. परतीचा प्रवासही संध्याकाळच्या गर्दीच्या विरुद्धच पडतो.

प्रश्न : आमच्या पतसंस्थेत काही कर्मचारी माळकरी आहेत, काहींना मटणाशिवाय सहल झाल्यासारखे वाटत नाही आणि सर्वांनाच मुंबईचे जेवण गोडसर, कमी तिखट लागते. एकत्र जेवायचे कुठे? (सचिव, दर्यापूर)

दोन्ही वेळा एकत्र जेवलेच पाहिजे हा आग्रह सोडला तर प्रश्न निम्मा सुटतो. दुपारचे जेवण सर्वांचे एकत्र आणि शाकाहारी ठेवावे, रात्रीचे जेवण आवडीनुसार दोन पंगतींत व्हावे.

दुपारसाठी माटुंग्याला माझी पहिली पसंती आहे. मध्य रेल्वेच्या माटुंगा स्थानकासमोर रामा नायक यांचे उडिपी श्रीकृष्ण बोर्डिंग आहे. तेथे केळीच्या पानावर भात, सांबार, रसम् आणि भाज्या पोटभर वाढतात आणि रसम् आपल्या लोकांच्या जिभेला पटते. काळबादेवीचे ठाकर भोजनालय गुजराती थाळीसाठी नावाजलेले आहे, पण तेथील डाळ-कढीत गूळ-साखर असते हे आधी सांगून ठेवावे, नाहीतर पहिल्या घासालाच पंगतीत कुजबुज सुरू होते. कांदा-लसूण न खाणाऱ्यांची संख्या जागा ठरवतानाच कळवावी, आणि दौऱ्यात एकादशी येते काय हे पंचांगात पाहावे. तशी आली तर दादरच्या प्रकाश उपाहार केंद्रातील साबुदाणा वडा उपवासवाल्यांना तारून नेतो.

रात्री दादर परिसरातच मुक्काम असेल तर मांसाहारी मंडळींना मालवणी खानावळीत न्यावे. कोंबडी-वडे, सुके मटण आणि सोलकढी यांवर कोणाची तक्रार येत नाही. मासळीबाबत मात्र एक सावधगिरी हवी. आपण नदी-तलावातील रोहू आणि मरळ खाणारे लोक; समुद्रातील मासा नवा असणाऱ्यांनी सुरमईपासून सुरुवात करावी, कारण तिच्यात काटे कमी आणि मोठे असतात. बांगडा सरावाने खावा. १ जून ते ३१ जुलै या काळात पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक बोटींच्या मासेमारीला बंदी असते, त्या दिवसांत ताज्या मासळीचा हट्ट धरू नये. आणि तिखटाचे म्हणाल, तर घरून मिरचीच्या ठेच्याची बाटली नेण्यात काहीही कमीपणा नाही.

प्रश्न : आमच्या राईस मिलच्या ४० जणांसाठी मालक हॉटेलात ऑर्केस्ट्रा आणि डीजेसह जेवण ठेवू म्हणतात. कर्मचाऱ्यांत पंधरा महिला आहेत. याहून चांगले काही आहे काय? (लेखापाल, ब्रह्मपुरी)

ब्रह्मपुरीसारख्या झाडीपट्टीतील, म्हणजे पूर्व विदर्भाच्या नाटकवेड्या पट्ट्यातील माणसाने हा प्रश्न विचारावा याचे मला नवल वाटते. दिवाळीनंतर वडशाच्या मंडळ्यांची नाटके रात्र-रात्र पाहणारा प्रेक्षक मुंबईत जाऊन डीजेसमोर का उभा राहावा? त्याला मराठी नाटकालाच न्यावे. दादरचे शिवाजी मंदिर आणि माटुंग्याचे यशवंत नाट्यमंदिर ही दोन्ही नाट्यगृहे स्थानकापासून फार दूर नाहीत. प्रयोग मुख्यतः शनिवार-रविवारी असतात आणि मध्यंतर धरून साधारण अडीच तासांत संपतात. आपल्याकडे पहाट होते, तेथे शेवटच्या लोकलची चिंता असते, एवढाच फरक. महिला कर्मचाऱ्यांनाही येथे अवघडल्यासारखे होत नाही, आणि हॉटेलातील डीजेच्या रात्रीबद्दल तसे खात्रीने म्हणता येत नाही.

चाळीस जागा एकत्र हव्या असतील तर नाट्यगृहाच्या खिडकीवर किंवा निर्मात्याच्या व्यवस्थापकाकडे आधी शब्द टाकावा. ऐनवेळी ऑनलाइन घेतल्यास गट सर्वत्र विखुरतो. दोन विनोदी आणि एक गंभीर नाटक उपलब्ध असेल तर मिश्र गटासाठी विनोदी निवडावे. जेवण नाटकानंतर नव्हे, आधी हलके घ्यावे. मालकांना भाषण करायचे असल्यास ते दुपारच्या जेवणापूर्वी उरकावे. मद्याचा खर्च संस्थेच्या पैशातून करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रश्न : समृद्धी महामार्गामुळे बसनेच जावे असे बहुतेकांचे म्हणणे आहे. योग्य होईल काय? (बियाणे विक्रेता, मेहकर)

मेहकरला रेल्वे नाही आणि महामार्गावर चढण्याची सोय आहे, तेव्हा आपल्यासाठी बस योग्यच. ७०१ किलोमीटरचा हा मार्ग ५ जून २०२५ रोजी पूर्ण खुला झाला, पण तो भिवंडीजवळ आमणे येथे संपतो. पुढची मुंबई वाहतुकीच्या कृपेवर आहे. दोन चालक घ्यावेत, टायर तपासून घ्यावेत, डबे घरून न्यावेत आणि बस मुक्कामाच्या ठिकाणी उभी ठेवून शहरात लोकल-मेट्रोनेच फिरावे.

प्रश्न : उलट बाजूचा प्रश्न आहे. मुंबईच्या एका खरेदीदार कंपनीचे बारा अधिकारी दोन दिवसांसाठी नागपूरला येणार असून आमच्या संत्रा बागाही पाहणार आहेत. त्यांना काय खाऊ घालावे, काय दाखवावे? (बागायतदार गटाचे अध्यक्ष, वरुड)

पाहुण्यांना पंचतारांकित हॉटेलातील पनीर खाऊ घालू नका. ते त्यांना रोज मिळते. सकाळी तर्री-पोहे, एका वेळी पाटोडी-रस्सा आणि वडाभात किंवा गोळाभात, आणि एकदाच सावजी. नागपूरच्या कोष्टी विणकरांच्या घरांतून आलेले सावजी जेवण पाहुण्यांना कमी तिखट करून वाढावे, रस्सा वेगळा द्यावा आणि त्याच रात्री त्यांना रेल्वेत बसवू नये.

खरी मेजवानी मात्र आपल्या बागेतच द्यावी. गोवऱ्यांच्या आरावर भाजलेले रोडगे, वांग्याची भाजी, वरण आणि वर तूप, हे झाडाखाली सतरंजीवर वाढले की करमणुकीचा वेगळा खर्च लागत नाही. भेट ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये ठेवल्यास आंबिया बहाराची (हिवाळ्याअखेरच्या फुलोऱ्याची) फळे झाडावर दाखवता येतात. मृग बहारासाठी (पावसाळ्याच्या सुरुवातीच्या फुलोऱ्याच्या फळांसाठी) फेब्रुवारी-मार्च धरावा. नागपुरात दीक्षाभूमी आणि १८६३ साली स्थापन झालेले मध्यवर्ती संग्रहालय, म्हणजे आपला अजब बंगला, एवढे पुरे. संत्रा बर्फी निघतानाच घ्यावी.

पाहुण्यांनी वाघाचा आग्रह धरला तर दोन दिवसांत बाग आणि ताडोबा दोन्ही बसत नाहीत, हे त्यांना स्पष्ट सांगून तिसरा दिवस मागावा. ताडोबाचा गाभा मंगळवारी आणि पावसाळ्यात बंद असतो. सफारीच्या प्रवेशद्वारावर आरक्षणातील नाव आणि ओळखपत्र जुळावे लागते, त्यामुळे येणाऱ्यांची नावे आणि ओळखपत्रांचे तपशील कंपनीकडून आधीच मागवून घ्यावेत.