मस्केटियरला शिलेदार म्हणावं का?

प्रश्न असा आला आहे: अलेक्सांद्र द्युमाच्या ‘थ्री मस्केटियर्स’ या कादंबरीतली मंडळी पानोपानी तलवारी परजतात, मग त्यांचं नाव मस्केट या बंदुकीवरून का? आणि मराठीत त्यांना ‘शिलेदार’ म्हटलं तर चालेल का?

फ्रान्सचा राजा तेरावा लुई याने १६२२ मध्ये आपल्या खास पथकाला मस्केटी दिल्या, तेव्हापासून हे नाव. पण मस्केट हे लांब, जड, रणांगणावरचं हत्यार. पॅरिसच्या गल्लीत राजाचा मंत्री कार्डिनल रिशेल्यूच्या गार्डांशी गाठ पडली की कमरेची तलवारच कामाची. ला रोशेल या बंडखोर शहराच्या वेढ्यात मात्र मस्केटी चांगल्याच वाजतात. पैज मारून आथोस, पोर्थोस, आरामिस हे तीन मस्केटियर आणि त्यांचा तरुण दोस्त दार्तान्यां असे चौघे बुरुजावर न्याहारीला निघतात. आपल्या बंदुका बरोबर घ्यायला हव्या होत्या, असं पोर्थोस म्हणतो, तेव्हा आथोस त्याला वेड्यात काढतो: तिथे पडलेल्या सैनिकांच्या डझनभर आहेत की! याच पोर्थोसने आपल्या नोकराचं बोनिफास हे साधं नाव बदलून मूस्कतों ठेवलंय, म्हणजे आखूड मस्केट.

मस्केटचं मूळ इटालियन ‘मोस्का’पर्यंत जातं. मोस्का म्हणजे माशी. आपल्याकडे उंटाच्या पाठीवरून डागायच्या छोट्या तोफेला ‘जंबुरा’ किंवा ‘जंबुरक’ म्हणत, तो शब्द फारसी ‘जंबूर’वरून आलेला, म्हणजे गांधीलमाशी. दोन्हीकडे नाव देणाऱ्याला उडून येऊन डसणारा किडाच आठवला, याचं मला फार अप्रूप वाटतं.

आता मराठी प्रतिशब्द. शब्दशः जायचं तर ‘बंदूकची’ आहे, ‘बरकंदाज’ आहे. बरकंदाज म्हणजे वीज फेकणारा. तिरंदाज, गोलंदाज यांचाच भाऊ. पण पुढे बरकंदाज म्हणजे कचेरीचा किंवा जमीनदाराचा बंदूकवाला शिपाई झाला. आथोस हा मुळातला काउंट. त्याला बरकंदाज म्हटलं की त्याचा सगळा आब जातो.

‘शिलेदार’ मला पटतो, आणि केवळ कानाला बरा वाटतो म्हणून नव्हे. मराठी फौजेत बारगिराला घोडा सरकारातून मिळे. शिलेदार स्वतःचा घोडा, स्वतःची हत्यारं घेऊन चाकरीला येई. आता कादंबरीतली मोहिमेची तयारी आठवून पाहा. राजाचा हुकूम येतो आणि चौघांच्या तोंडचं पाणी पळतं, कारण घोड्यासकट सगळा सरंजाम ज्याचा त्याने उभा करायचा आहे. काटकसरीने हिशेब केला तरी माणशी १,५०० लिव्र, चौघांचे मिळून ६,०००! पोर्थोस पैशासाठी एका वकिलाच्या बायकोच्या मागे लागतो; आथोस मी खोलीबाहेर पाऊल टाकणार नाही म्हणून बसून राहतो. शाळेत वाचलेल्या संक्षिप्त मराठी पुस्तकात हा भाग गाळलेला होता. पुढे पूर्ण कादंबरी हाती आली तेव्हा मी इथेच थांबले आणि मनात म्हटलं, अरे, हे तर शिलेदार!

एक उणीव राहते. शिलेदार कुठल्याही सरदाराचा असू शकतो. मस्केटियर थेट राजाचे. ती छटा हवी असेल तर पेशव्यांच्या खास फौजेचा ‘हुजरात’ हा शब्द घ्या: ‘हुजरातीचे शिलेदार’. शीर्षकात ते जड होईल, पण मजकुरात पहिल्यांदा ओळख करून देताना जरूर वापरा. पुढच्या दोन भागांतही, म्हणजे ‘वीस वर्षांनंतर’ आणि ‘व्हिकोंत द ब्राजलोन’मध्ये, तो खपून जाईल.

शिलेदार हा शब्द मनात ठेवून पहिलं प्रकरण पुन्हा वाचा. दार्तान्यांचा बाप त्याला पिवळट रंगाचं म्हातारं घोडं देतो आणि बजावतो, हे कधी विकू नकोस. पोरगा पॅरिसला पोचताच ते तीन एक्यूंना विकून मोकळा होतो. ‘शिलेदार’ म्हटलं की या तीन नाण्यांचं वजन मराठी वाचकाला आपसूक कळतं.