मनगटावरची घड्याळं: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

तीसेक वर्षं मी घड्याळं जमवतो आणि आळीपाळीने वापरतो. महागडी थोडी, जुनी पुष्कळ. या वेळी आलेल्या प्रश्नांपैकी निम्मे घरातल्या जुन्या घड्याळांबद्दल आहेत, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

प्रश्न : वडील जाऊन अकरा वर्षं झाली. कपाट आवरताना त्यांचं एचएमटी जनता सापडलं. किल्ली दिली तर दहा मिनिटं चाललं आणि थांबलं. तबकडी पिवळट पडली आहे, काचेवर ओरखडे आहेत. दुकानदार म्हणतो, नवी तबकडी टाकून चकाचक करून देतो. करून घेऊ का? (वाचक, सातारा)

आधी एक करा : पुन्हा किल्ली देऊ नका. आतलं तेल इतक्या वर्षांत सुकून चिकट झालेलं असतं. चाकांच्या बारीक टोकांना कोरडं फिरावं लागलं, की ती झिजतात. दहा मिनिटं चाललं याचा अर्थ मशीन जिवंत आहे. ते पूर्ण खोलून, धुऊन, तेल घालून घ्यायला हवं.

तबकडीला मात्र हात लावू देऊ नका. तो पिवळेपणा म्हणजे वरच्या लाखेचं वय आहे. नवी तबकडी टाकली की घड्याळ चालेल, पण वडील ज्या तबकडीकडे पाहून एसटी पकडायला निघायचे, ती कचऱ्यात जाईल. काच बदलायला हरकत नाही. ती प्लास्टिकची असते, आणि बहुतेक ओरखडे नुसत्या पॉलिशने जातात. दुकानदाराला स्वच्छ शब्दांत सांगा : मशीन साफ करा, तेल घाला, तबकडी आणि काटे आहेत तसे ठेवा, जो भाग बदलाल तो जुना परत द्या.

आणखी एक विनंती करा. मागचं झाकण उघडल्यावर आतल्या बाजूचा फोटो काढून मागा. पूर्वीचे कारागीर घड्याळ उघडलं की झाकणाच्या आत सुईने बारीक खूण करून ठेवत. कुणी तारीख, कुणी आपला आकडा. माझ्या वडिलांच्या जनतामध्ये अशा तीन खुणा निघाल्या. त्यातली एक माझ्या जन्माच्या आदल्या वर्षीची होती. त्या बोटभर पत्र्याकडे मी किती वेळ बघत बसलो होतो, ते मला आजही आठवतं.

एचएमटीने 1961 मध्ये जपानच्या सिटिझनच्या सहकार्याने बंगळूरला घड्याळांचं काम सुरू केलं आणि 2016 मध्ये केंद्र सरकारने ही घड्याळ कंपनी बंद करायला मंजुरी दिली. त्यामुळे आता सुटे भाग मिळतात ते बहुधा जुन्या घड्याळांतून काढलेले. तरी हे मशीन इतक्या कारागिरांच्या हाताखालून गेलंय की दुरुस्त करणारा माणूस अजून जिल्ह्याच्या गावी भेटतो. घाई करू नका, चांगला माणूस शोधा.

दुरुस्त होऊन आलं की रोज घाला. सकाळी ठरलेल्या वेळी किल्ली द्या, अडेपर्यंत, आणि अडली की थांबा. जनताची रुंदी सुमारे 35 मिलिमीटर, घड्याळ हलकं, शर्टाच्या बाहीखाली सहज सरकणारं. कानाशी धरलंत तर सेकंदाला पाच ठोके ऐकू येतील. दिवसाला वीसेक सेकंद मागेपुढे होईल. तो दोष समजू नका. दिवसात 86,400 सेकंद असतात. त्यातले वीस चुकवणारं, निव्वळ स्प्रिंगवर चालणारं जुनं यंत्र आपलं काम चोख करतं आहे.

प्रश्न : ऑनलाइन दीड-दोन हजारांत एचएमटी, फेव्हर ल्यूबा, जुनी सायको दिसतात. हिरव्या, लाल, मोरपंखी तबकड्या, अगदी नव्यासारख्या. घ्यावीत का? (वाचक, नागपूर)

जुनं घड्याळ म्हणून घेणार असाल, तर नको. हा मुंबईचाच व्यवसाय आहे आणि जगभरच्या संग्राहकांत तो मुंबईच्या नावानेच ओळखला जातो. मोडीत निघालेली मशीनं गोळा करायची, केस, म्हणजे घड्याळाची बाहेरची धातूची चौकट, घासून चकचकीत करायची, तबकडी खरवडून नव्या रंगात छापायची, हाताला येतील ते काटे लावायचे. त्यामागे कष्ट आणि कसब आहे, हे मी मनापासून मानतो. राग येतो तो ‘ओरिजिनल, न वापरलेलं’ म्हणून विकण्याचा. त्यात नवख्या माणसाचे पैसे जातात, आणि एका खऱ्या जुन्या तबकडीचा जीवही जातो.

ओळखायचं कसं? भिंग घ्या, नसेल तर फोनने जवळून फोटो काढा आणि मोठा करून बघा. कारखान्यात छापलेली अक्षरं बारीक आणि कडा धारदार असतात. नंतर छापलेली जाड, किंचित पसरलेली. मिनिटांच्या रेघा मोजा : कुठे एक तिरकी, कुठे दोन जवळ आलेल्या. तारखेची खिडकी असेल तर तिच्या कडेवर रंग ओघळलाय का पाहा. मिनिटकाटा कडेच्या रेघांपर्यंत पोचायला हवा. तो आखूड पडत असेल तर काटे दुसऱ्या घड्याळाचे आहेत. केसच्या कडा साबणाच्या वडीसारख्या गोल झाल्या असतील, मागची अक्षरं पुसट झाली असतील, तर ती किती वेळा घासली गेलीय ते समजतं.

एचएमटी पायलट ओळखला जातो तो काळ्या तबकडीने. तोच तुम्हाला केशरी रंगात दिसला, तर आधी शंका घ्या. फेव्हर ल्यूबा ही 1737 सालापासूनची स्विस कंपनी. तिच्या सी चीफ आणि सी किंग या घड्याळांनी आपल्याकडच्या एका पिढीच्या मनगटावर राज्य केलं. म्हणून त्यांच्याच तबकड्यांवर सगळ्यात जास्त रंग चढवला जातो.

माझा सल्ला : डागाळलेलं पण खरं घड्याळ घ्या. तांबूस ठिपके असलेली एक सी चीफ माझ्याकडे आहे. ती घातली की रोज कुणीतरी विचारतं. मोरपंखी तबकडीचं घेतलं होतं, ते चार दिवसांत डोळ्यांना खुपायला लागलं.

प्रश्न : माझं ऑटोमॅटिक घड्याळ दर सोमवारी सकाळी बंद पडलेलं असतं. बिघाड आहे का? (वाचक, ठाणे)

नाही. शुक्रवारी संध्याकाळी सातला काढून ठेवलं आणि सोमवारी सकाळी नऊला घातलं, तर मधे 62 तास जातात. ऑटोमॅटिक घड्याळाची स्प्रिंग हाताच्या हालचालीने भरते, आणि काढून ठेवल्यावर साधारण 40 तास चालेल एवढाच तिच्यात साठा असतो. शनिवार-रविवारीही घाला, घरात भाजी निवडताना घातलंत तरी चालेल. मशीन सायकोचं 7एस26 असेल तर त्याला हाताने किल्ली देता येत नाही. अर्धा मिनिट हळूच हलवा, सुरू होईल. एक जपा : रात्री नऊ ते पहाटे तीनच्या दरम्यान तारीख बदलू नका. त्या वेळी तारखेची चाकं एकमेकांत अडकलेली असतात आणि दाता तुटू शकतो.

प्रश्न : आजोबांच्या वेस्ट एंड घड्याळाचे आकडे पूर्वी अंधारात चमकायचे. आता चमकत नाहीत. पुन्हा रेडियम भरून मिळेल का? (वाचक, कोल्हापूर)

आपल्याकडे अंधारात चमकणाऱ्या प्रत्येक गोष्टीला रेडियम म्हणतात, अगदी गाडीच्या नंबरप्लेटवरच्या स्टिकरलासुद्धा. तुमच्या बाबतीत मात्र ते खरोखरचं रेडियम असू शकतं. साधारण 1960 च्या दशकापर्यंत घड्याळांत ते वापरत. चमक गेली म्हणजे रेडियम संपलं असं नाही. त्याच्या किरणोत्साराने उजळणारी पूड थकलेली असते. खुद्द रेडियमला निम्मं व्हायला सुमारे 1,600 वर्षं लागतात. म्हणून हे घड्याळ घरी उघडू नका, आकडे खरवडू नका, ती धूळ श्वासात जाऊ देऊ नका. दुरुस्तीला देताना कारागिराला आधी सांगा. त्याच्या फुप्फुसांचा प्रश्न आहे.

नव्याने भरून घेऊ नका. घड्याळ वेस्ट एंडचं सोवार प्रायमा मॉडेल असेल तर त्याचं नाव आपल्या ‘स्वार’ शब्दाशी नातं सांगतं, घोडेस्वारातल्या स्वाराशी. आजोबा फौजेत होते का, घरात विचारून पाहा. बंद झाकणाचं घड्याळ खणात, झोपायच्या जागेपासून दूर ठेवा आणि दिवाळी-पाडव्याला काढून घाला. इतर घड्याळांसाठी मी ‘रोज वापरा’ म्हणतो, या एकासाठी नाही.

प्रश्न : माझं किल्लीचं घड्याळ अचानक दिवसाला वीस मिनिटं पुढे जायला लागलं. पडलं नाही, भिजलं नाही. (वाचक, पुणे)

चुंबक लागलाय. टॅबलेटचं कव्हर, पर्सची चुंबकी कळ, स्पीकर, यांपैकी कशाशेजारी तरी घड्याळ रात्रभर राहिलं असेल. केसाएवढी बारीक हेअरस्प्रिंग असते, तिचे वेढे एकमेकांना चिकटतात, स्प्रिंग आखूड असल्यासारखी वागते आणि घड्याळ धावत सुटतं. साधं होकायंत्र जवळ धरा. सुई थरथरली तर निदान पक्कं. कारागिराकडे चुंबक उतरवायचं यंत्र असतं, काम काही सेकंदांचं आहे. याला कुणी पूर्ण सर्व्हिसिंगचे पैसे सांगितले, तर दुसरीकडे जा.

प्रश्न : घड्याळावर ‘30 मीटर’ लिहिलंय, तरी पावसात काचेला आतून वाफ धरली. (वाचक, चिपळूण)

तो आकडा कारखान्यातल्या चाचणीच्या दाबाचा आहे, खोलीचा परवाना नव्हे. 30 मीटर म्हणजे हात धुताना उडणारे थेंब आणि भुरभुर पाऊस. पोहायचं असेल तर 100 मीटर आणि शक्यतो आटे असलेली किल्ली. शिवाय आतलं रबर म्हातारं होतं. पाच वर्षांपूर्वी टिकलेलं घड्याळ यंदा टिकेलच असं नाही.

वाफ धरली असेल तर ते तांदळाच्या डब्यात ठेवू नका. आजच्या आज उघडून सुकवून घ्या, कारण गंज दोन दिवसांतसुद्धा धरतो. आणि चिपळूणच्या पावसात चामड्याचा पट्टा घालू नका. जुलैअखेर त्याला बुरशी येते आणि वास जात नाही. जूनमध्ये नायलॉनचा पट्टा चढवा, दसऱ्याला चामड्याचा.

मी स्वतः पावसाळ्यात कॅसिओ एफ-91डब्ल्यू घालतो. 1989 पासून निघणारं हे 21 ग्रॅमचं घड्याळ माझ्या संग्रहातलं सगळ्यात स्वस्त. हातावर आहे हे विसरायला होतं, आणि कुठल्याही घड्याळाची याहून मोठी तारीफ मला सुचत नाही.

प्रश्न : संग्राहक लोक बॅटरीच्या घड्याळांना कमी लेखतात. माझ्याकडे टायटन एज आहे आणि मला ते फार आवडतं. चुकतंय का? (वाचक, नाशिक)

मुळीच नाही. बॅटरीच्या घड्याळात क्वार्ट्‌झचा तुकडा सेकंदाला 32,768 वेळा कंप पावतो. हा आकडा पंधरा वेळा निम्मा केला की बरोबर एक उरतो, आणि त्या एका ठोक्यावर काटा एक घर पुढे जातो. मला ही कल्पना फार सुंदर वाटते. 2002 मध्ये आलेल्या एजची जाडी 3.5 मिलिमीटर आणि आतल्या मशीनची 1.15. एवढ्याशा जागेत हे बसवायला टायटनच्या होसूरच्या कारखान्यातल्या माणसांनी जे केलं, त्याचा अभिमान बाळगा. फक्त बॅटरी संपली की लगेच बदला. संपलेली बॅटरी आत ठेवली तर ती गळते आणि सर्किट खाते.

प्रश्न : मनगट बारीक आहे. 42 मिलिमीटरचं घड्याळ शोभेल का? (वाचक, औरंगाबाद)

रुंदीपेक्षा घड्याळाच्या वरच्या कानापासून (पट्टा अडकतो त्या टोकापासून) खालच्या कानापर्यंतची लांबी मोजा. ती मनगटाच्या सपाट भागाबाहेर गेली नाही, तर शोभेल. तुमचं मनगट सव्वासहा इंचांच्या आसपास असेल तर 36 ते 38 घ्या आणि जाडी 11 च्या आत ठेवा. दुकानात आरशात बघू नका, हात खाली सोडून दहा मिनिटं चाला. घड्याळ कोंबडीच्या पायातल्या कड्यासारखं फिरायला लागलं तर ते तुमचं नाही.

प्रश्न : आई शाळेत शिक्षिका होती. तिचं छोटं किल्लीचं घड्याळ माझ्याकडे आहे. आता एवढी लहान घड्याळं कुणी घालत नाही. मी न्यू जर्सीत असते, ते घालावं की जपून ठेवावं? (वाचिका)

घालावं. आपल्याकडच्या कितीतरी शिक्षिका आणि परिचारिका घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला घालत. फळ्यावर लिहिताना काच आपटत नाही आणि तासाला किती मिनिटं उरली ते वर्गाला न कळता बघता येतं. तुम्हीही आधी तसंच घालून पाहा. लहान घड्याळ मनगटाच्या वरच्या बाजूला हरवल्यासारखं वाटतं, आत मात्र बरोबर बसतं. त्याचं मशीन नखाएवढं असतं आणि त्याला हात लावणारे कारागीर कमी उरलेत. म्हणून पुढच्या वेळी भारतात याल तेव्हा इथेच सर्व्हिसिंग करून घ्या, परतीच्या आठवडाभर आधी देऊन.

पट्टा मात्र बदला. त्यावर एका भोकाशी खोल वळ पडलेला दिसेल. आईंच्या मनगटाचं माप ते. तो पट्टा टाकू नका, तेल लावू नका, सरळ करायला जाऊ नका. पातळ सुती कापडात सैल गुंडाळून कोरड्या डब्यात ठेवा. नवा घेताना पट्टा बसतो त्या दोन कानांमधलं अंतर मोजून घ्या, बहुधा 10 किंवा 12 मिलिमीटर निघेल, आणि रंग जुन्यासारखाच तपकिरी घ्या.