ग्लोबल वॉर्मिंग कशामुळे होतं, आणि एकट्या माणसाच्या हातात काय आहे?

तुम्ही विचारलंय की ग्लोबल वॉर्मिंगची कारणं काय, परिणाम काय आणि एकटा माणूस त्यात काय करू शकतो. मी नाशिक जिल्ह्यातल्या निफाड तालुक्यातला द्राक्ष बागायतदार. आधी परिणामाचं सांगतो, कारण तो मी बांधावर उभं राहून पाहिलाय.

२६ नोव्हेंबर २०२३. आमच्या बागेच्या गोडी छाटणीला, म्हणजे फळासाठी केलेल्या छाटणीला, ५० दिवस झाले होते, मणी ज्वारीएवढे. आभाळ भरून आलं आणि गारा सुरू झाल्या. थांबल्यावर बागेत गेलो तर बोदावर, म्हणजे वेलींच्या ओळीखालच्या मातीच्या उंचवट्यावर, पानांचा आणि हिरव्या मण्यांचा सडा. घड हातात घेतला तर एका अंगाचे मणी फुटलेले. वडील खाली बसून मणी ओंजळीत गोळा करत होते, बोलत काहीच नव्हते. जे घड वाचले त्यांच्यावर पुढे डाऊनी हा बुरशीचा रोग आला, म्हणजे पुन्हा फवारणीचा खर्च.

अमुक एक गारपीट तापमानवाढीमुळेच झाली, असं मी म्हणणार नाही. पण हवा १ अंशाने तापली की साधारण ७ टक्के जास्त बाष्प धरते. त्यामुळे पाऊस येतो तेव्हा कोसळतो, आणि उघडीप मिळाली की जमीन पूर्वीपेक्षा लवकर सुकते. शेती दोन्हीकडून मार खाते.

कारण मुख्यतः एकच आहे: कोळसा, डिझेल, पेट्रोल जाळणं. त्यातून निघणारा कार्बन डायऑक्साइड शेकडो वर्षं हवेत राहतो आणि जमिनीची उष्णता बाहेर जाऊ देत नाही. कारखानदारी सुरू होण्याआधी हवेच्या दहा लाख भागांत तो सुमारे २८० भाग होता, आता ४२० च्या वर गेलाय. २०२४ हे त्या काळाच्या तुलनेत दीड अंशाहून जास्त तापलेलं पहिलं वर्ष ठरलं. याशिवाय जंगलतोड आहे, कचरा डेपोतला मिथेन वायू आहे. आणि आम्ही शेतकरीही यात आहोत: जास्तीच्या युरियातून नायट्रस ऑक्साइड निघतो, तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७० पट उष्णता अडवतो.

आता तुमच्या हातात काय? प्लास्टिकची पिशवी नाकारणं चांगलंच, पण तापमानवाढीच्या हिशेबात तिचं वजन फार थोडं. खरं वजन विजेत आणि इंधनात आहे. आपल्या देशातली बहुतेक वीज अजून कोळशावरच होते. नाशिककरांनी एकलहऱ्याच्या कोळशावरच्या वीज केंद्राची धुराडी पाहिलेलीच आहेत. कोळशावरच्या विजेच्या एका युनिटमागे साधारण १ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. स्वतःचं छत असेल तर सोलर बसवा. ३ किलोवॅटला पीएम सूर्यघर योजनेत ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान आहे आणि आपल्याकडच्या उन्हात दिवसाला १२ युनिटच्या आसपास वीज मिळते. एसी असेल तर २४ च्या खाली नेऊ नका. रोज एकाच कंपनीत जाणारे चौघं चार गाड्या काढत असतील तर एकीत बसा. ओला कचरा घरीच कुजवा.

आम्ही केलेला बदल सांगतो. एप्रिलच्या खरड छाटणीत, म्हणजे द्राक्ष काढल्यानंतरच्या छाटणीत, निघणाऱ्या काड्या आम्ही वर्षानुवर्षं बांधावर पेटवत होतो. आता श्रेडर यंत्राने बारीक करून बोदावर अंथरतो. मेच्या उन्हात तो थर हाताने बाजूला केला की खाली माती ओली लागते, गांडुळं दिसतात. युरिया एकदम न टाकता ठिबक सिंचनाच्या ड्रीपमधून थोडा थोडा देतो, तेवढ्यात भागतं.

तुम्ही सोसायटीत राहत असाल तर एकट्याने छतावर काही करता येणार नाही, हे खरं. मग पुढच्या मीटिंगला जिन्यातले दिवे, लिफ्ट आणि पाण्याची मोटार यांचं वीजबिल घेऊन जा. मागच्या महिन्यांचा वापर त्यावर छापलेला असतो. ते आकडे सगळ्यांसमोर ठेवा आणि छतावरच्या सोलरचा विषय तिथेच काढा.