ठाण्यात मेडिकलमधून गर्भनिरोधक गोळ्या आणून स्त्री म्हणून ट्रान्झिशन (हार्मोन घेऊन शरीरात बदल घडवणं) सुरू करता येईल का?

नका करू. त्या गोळ्यांत बहुतेक वेळा एथिनिल एस्ट्राडायॉल हे कृत्रिम स्त्री-हार्मोन असतं. त्याने रक्ताच्या गुठळ्यांचा धोका वाढतो, सिगारेट ओढत असाल तर आणखीच. शिवाय रक्ततपासणीत त्याची पातळी नीट कळत नाही, मग डोस ठरवणार कशावर? डॉक्टर साधारणपणे एस्ट्राडायॉल व्हॅलरेट देतात (यातून शरीरातल्यासारखंच एस्ट्राडायॉल मिळतं), रोज 2 ते 6 मिलिग्रॅम.

ठाणे किंवा वाशीत एंडोक्रायनॉलॉजिस्ट (हार्मोनचे डॉक्टर) गाठा. सुरुवातीला बीपी, लिव्हर, किडनी, पोटॅशियम, लिपिड, एस्ट्राडायॉल, टेस्टोस्टेरॉन. मग पहिलं वर्षभर दर तीन महिन्यांनी तपासणी. एस्ट्राडायॉल मिलिलिटरला 100-200 पिकोग्रॅम आणि टेस्टोस्टेरॉन डेसिलिटरला 50 नॅनोग्रॅमच्या खाली आलं की डोस वाढवून काही मिळत नाही, धोकाच वाढतो.

सोबत स्पायरोनोलॅक्टोन (टेस्टोस्टेरॉन रोखणारी गोळी) असेल तर पोटॅशियम चढू शकतं. उन्हाळ्यात रोज शहाळं पिण्याची सवय असेल तर ती डॉक्टरांना सांगाच. हे कुणी विचारत नाही.

पुढे स्वतःचं मूल हवं असेल तर शुक्राणू गोठवणं गोळ्यांच्या आधी. नंतर ते परत येतीलच याची हमी नाही.

एकाच पायाची पोटरी सुजून दुखली किंवा अचानक दम लागला तर ती गुठळी असू शकते, अपॉइंटमेंटची वाट न बघता थेट कॅज्युअल्टीत जा, आणि कोणत्या गोळ्या चालू आहेत ते लपवू नका.